सफरचंदाशिवायची पाई: काटकसर सारणात करा, मोहनात नको

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाचा वाढदिवस जानेवारीत. त्याने मोबाइलवर ॲपल पाई, म्हणजे पारीत सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, पाहिली आणि यंदा केक नको, हीच हवी म्हणून हट्ट धरून बसला आहे. सफरचंद त्यांच्या बाजारात २०० रुपये किलो, बटर घरात कधी येत नाही, ओव्हन नाही. तरी त्यांनी एकदा करून पाहिली. दोन चमचे तेल घालून कणीक पोळीला मळतो तशी मळली, सफरचंदाच्या जागी कोहळं (म्हणजे पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा) किसून गूळ घातला आणि कुकरमध्ये वीस मिनिटं ठेवली. वरची पारी वातड झाली, खाली ओला गोळा राहिला. आता त्या विचारतात, "कशाच्या जागी काय घालू, तेवढं सांगा."

ताई, तशी यादी मी देऊ शकते आणि खाली देतेही आहे. पण तुमची पाई बिघडली ती चुकीची वस्तू घातल्यामुळे नाही. तुम्ही बटर, मैदा, सफरचंद आणि ओव्हन अशा चारही गोष्टी एकदम बदलल्या, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तिथे काय काम करत होती ते त्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. काम कळलं की बदली माणूस शोधता येतो. म्हणून आधी कामं सांगते.

पाईचे दोन भाग. पारी आणि सारण. पारीतलं सगळं काम स्निग्ध पदार्थ करतो. सारणात सगळ्यात महाग असतं सफरचंद आणि त्याच्यावाचून सगळ्यात कमी अडतं. तुमच्याच भावाने अर्धा किलो सफरचंदाचे १०० रुपये झाले. तेवढ्या पाईला तूप लागतं ६० ग्रॅम. विकतचं तूप ६५० रुपये किलोने धरलं तरी ते चाळीस रुपयांच्या आत बसतं, आणि घरी गाय-म्हैस असेल तर तेही नाही. आपण बाया मात्र नेमकं उलट करतो. तुपाचा डबा उघडताना हात आखडतो. तुम्ही दोन चमचे तेलावर भागवलंत तिथेच पाईची पोळी झाली. सफरचंद पूर्ण काढून टाका, माझी काही हरकत नाही. मोहन कमी करू नका.

मी वर्धा जिल्ह्यात राहते, घरूनच बेकरीचे पदार्थ करून विकते आणि गावोगावच्या बचत गटांतल्या बायांना शिकवते. बहुतेकींकडे ओव्हन नसतो, म्हणून पुढे जे सांगते ते चूल, गॅस आणि जुना कुकर यांवर केलेलं आहे. तरी काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून राहतील. फ्रिज आहे की नाही, वीज दुपारी असते की जाते, गॅस जपून वापरायचा आहे का, अंगणात गोवऱ्यांचा जाळ करता येतो का. महिन्याचा फरक तर फारच मोठा. वाढदिवस जानेवारीत आहे हे तुमच्या फायद्याचं आहे. विदर्भातल्या थंडीत पहाटे तूप डब्यात घट्ट बसलेलं असतं आणि पाईला तेच हवं. हीच पाई मे महिन्यात करायची असती तर मी वेगळी रीत सांगितली असती. तीही खाली आहे, कारण हा प्रश्न उन्हाळ्यातही येणारच.

आधी पीठ. कणकेत पाणी पडलं आणि ती मळली गेली की तिच्यात ताण येतो. पोळी फुगायला तो ताण लागतो, म्हणून आपण कणीक तिंबतो, झाकून मुरू देतो. पाईला तो ताण अजिबात नको. तुमची पारी वातड झाली ती मळण्यामुळे. करंजीची किंवा शंकरपाळ्याची आठवण ठेवा. आधी मोहन पिठाला चोळायचं. प्रत्येक कणाभोवती तूप बसलं की पाणी आत पोहोचत नाही आणि ताण धरत नाही. मैद्याची गरज नाही. कणीक मैद्याच्या बारीक चाळणीने चाळून कोंडा काढा, कारण कोंड्याचे कण पारी चिरतात आणि पाणीही जास्त पितात. मग तिच्यात चौथा हिस्सा ज्वारीचं बारीक पीठ मिसळा. ज्वारीला ताण नसतो, त्यामुळे कणकेचा हट्टीपणा कमी होतो आणि पारी खुसखुशीत होते. त्याहून जास्त ज्वारी घातली तर लाटताना कडा फाटतात. ज्वारी नसेल तर तांदळाचं पीठ चालेल, पारी थोडी कडक होईल.

सात इंची ताटलीला, खालच्या पारीसाठी आणि वरच्या थोड्या तुकड्यांसाठी मिळून, ११० ग्रॅम चाळलेली कणीक, ४० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ६० ग्रॅम घट्ट तूप, चिमूटभर मीठ, एक लहान चमचा साखर, आणि तीन ते चार मोठे चमचे गार पाणी. तुपाऐवजी घरचं लोणी घेतलं तर ७५ ग्रॅम घ्या. बटर किंवा लोण्यात पाणीही असतं, तूप जवळजवळ सगळं स्निग्ध. म्हणून तूप कमी पुरतं आणि त्याच्यासोबत पाणी चमचाभर जास्त लागतं. लोणी घेणार असाल तर ताक नीट धुऊन काढा आणि हाताने दाबून पाणी निथळू द्या, नाहीतर पाण्याचा अंदाजच येत नाही.

आता हाताचं काम, इथे घाई नको. तूप थंड पिठात चमच्याने तुकडे करून टाका. चोळायचं ते बोटांच्या टोकांनी. तळहात गरम असतो, त्याने तूप वितळतं. अंगठा बोटांवरून सरकवत पीठ वर उचलायचं आणि खाली सोडायचं. थोड्या वेळाने पीठ रवाळ दिसायला लागेल, रंग किंचित पिवळट होईल. मूठभर घेऊन दाबा. मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. वळतच नसेल तर मोहन कमी आहे. वळून फुटत नसेल तर तूप वितळलं आहे, परात गार जागी ठेवून द्या. सगळं तूप एकसारखं मिसळू नका. पाव हिस्सा तुरीच्या दाण्याएवढ्या गुठळ्यांत राहू द्या. हे दाणे पारी लाटताना चपटे होतात, आचेवर वितळतात आणि त्यांच्या जागी पोकळी राहते. पाण्याची वाफ त्या पोकळीत शिरून पापुद्रे वेगळे करते.

पाणी चमच्या-चमच्याने शिंपडा आणि काट्याने किंवा सुरीच्या टोकाने ढवळा. पीठ एकत्र येतंय असं वाटलं की थांबा. गोळा गुळगुळीत दिसणार नाही, चिरा पडलेल्या दिसतील. पोळीची सवय असलेल्या हाताला तो गोळा अर्धवट वाटतो आणि आणखी दोन हात मारावेसे वाटतात. मारू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा तास माठाजवळ किंवा फ्रिजमध्ये ठेवा.

पापुद्रे आणखी हवे असतील तर आपल्याकडची युक्ती आहे. रोडगे करताना आपण तेल लावलेल्या पाऱ्या एकात एक गुंडाळतो आणि गोवऱ्यांच्या जाळात भाजल्यावर त्यांचे पदर सुटतात. इथेही गोळा लाटून त्यावर एक चमचा तूप आणि एक चमचा तांदळाचं पीठ फेटून केलेला साटा लावा, घडी घाला, पुन्हा हलक्या हाताने लाटा. चिरोट्याला करतो तेच. तूप जरा मऊ पडलं असेल तेव्हा या साट्याने पाई वाचते.

तेलाचं विचाराल तर, तेलाची पारी होते, पण ती पापुद्र्यांची होत नाही, भुसभुशीत होते. कारण तेलाच्या घट्ट गुठळ्या राहूच शकत नाहीत. तुमच्याकडे तेलच असेल तर १५० ग्रॅम पिठाला ५० मिलि तेल आणि दोन मोठे चमचे गार दूध एकत्र फेटून पिठात ओता, ढवळा आणि लाटण्याच्या भानगडीत न पडता थेट ताटलीत बोटांनी दाबून बसवा. नानकटाईच्या जवळ जाणारी पारी मिळते आणि मुलांना ती आवडते. शेंगदाण्याच्या तेलाला वास असतो, गुळाच्या सारणासोबत तो छान लागतो. वनस्पती तूप स्वस्त आहे आणि त्याची पारी सोपी होते, हेही खरं. पूर्वी त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीमुळे, मी ते सांगत नसे. २०२२ पासून आपल्याकडे ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आली आहे, त्यामुळे बंद पाकिटातलं, लेबल असलेलं अडीनडीला वापरा. सुटं, डब्यातून काढून दिलेलं घेऊ नका.

उन्हाळ्याची रीत इथेच सांगून टाकते. घरात ४० च्या वर तापमान असेल तर तूप घट्ट ठेवण्यासाठी भांडत बसू नका. १५० ग्रॅम पिठाला ५० ग्रॅम तूप आणि ६५ मिलि पाणी एकत्र उकळवा, उकळतं असतानाच पिठात ओता, चमच्याने ढवळा आणि हाताला सोसवेल इतपत झालं की लगेच ताटलीत बसवा. इंग्लंडमध्ये मांस भरलेली उभट पाई अशाच गरम पाण्याच्या पारीच्या करतात. पापुद्रे नाहीत, पण पारी भक्कम होते आणि ओल्या सारणालाही गळत नाही. गार झाल्यावर मात्र ती चिरते, म्हणून वेळ घालवू नका.

आता सारण, म्हणजे जिथे तुमचे पैसे वाचणार आहेत.

सफरचंद पाईत चार गोष्टी देतं: आंबटपणा, शिजूनही आकार धरणारी फोड, रस आपोआप दाट करणारं पेक्टिन, आणि थोडा सुवास. यातला सुवास दालचिनी-लवंगेखाली जवळजवळ झाकूनच जातो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून सफरचंदाशिवायची सफरचंदाची पाई करतात. सफरचंदं मिळत नसत तेव्हा बायका साधी खारी बिस्किटं साखरेच्या पाकात भिजवायच्या, त्यात लिंबू किंवा टार्टारिक आम्ल आणि दालचिनी घालायच्या. १९३० च्या दशकातल्या मंदीनंतर तर रिट्झ नावाच्या बिस्किटांच्या खोक्यावरच ही कृती छापून येई. भिजलेलं बिस्किट तोंडात शिजलेल्या फोडीसारखं लागतं, आणि आंबट, गोड व दालचिनी हे तिन्ही एकत्र आलं की जीभ बाकीचं स्वतः भरून काढते. मी बिस्किटांची पाई करा असं म्हणत नाही. आपल्याकडे त्याहून स्वस्त आणि चांगलं फळ परसात उभं असतं. पण यातून एक गोष्ट पक्की होते: सफरचंद नसलं तर चालतं, आंबट नसलं तर चालत नाही. तुमच्या कोहळ्या-गुळाच्या सारणात आंबटाचा थेंब नव्हता, त्यामुळे ते मुलाला पाई वाटलंच नसतं.

सफरचंदाची जागा घेणारी माझी पहिली पसंती कच्ची पपई. बेकरीत केकवर जी लाल-हिरवी टुटीफ्रुटी मिळते ती कच्च्या पपईचीच असते. स्वतःची चव जवळजवळ नाही, जे घालाल ते पिते, आणि शिजून लगदा होत नाही. अर्धा किलोची पपई घ्या. पूर्ण हिरवी, आतून पांढरी. आतून केशरी व्हायला लागली असेल तर ती गोडसर वास देते आणि खेळ ओळखू येतो. साल जाड काढा, बिया आणि आतली पांढरी जाळी खरवडून टाका, चीक धुऊन काढा. उभे चार भाग करून सफरचंदाच्या फोडीला असते तेवढ्याच जाडीचे, म्हणजे तीन-चार मिलिमीटरचे काप करा. कीस नको. किसलं की सगळं पाणी सुटतं आणि खायला फोड उरत नाही. घरात कुणी गरोदर असेल तर कच्च्या पपईऐवजी दुधी घ्या. रीत तीच, फक्त शिजायला वेळ कमी.

काप आधी साध्या उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पाच-सात मिनिटं शिजवा. लिंबू आत्ता घालायचं नाही. आंबट आधी पडलं तर काप नरमच होत नाहीत, कितीही शिजवा, मध्ये करकरीत राहतात. एक काप काढून बघा. कडा पारदर्शक झालेल्या असाव्यात आणि मधोमध पांढरी रेघ उरलेली असावी. बोटांत दाबल्यावर वाकावा, तुटू नये. तेवढ्यावर पाणी ओतून द्या आणि काप चाळणीत पूर्ण निथळू द्या. या उकळण्याने उरलेला चीकही निघून जातो.

मग स्टीलच्या गंजात (पातेल्यात) काप, १०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड आणि दोन लवंगा कुटून घाला. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज नको, आंबटाने त्याची चव उतरते. मध्यम आचेवर पाक अर्धा होईपर्यंत शिजू द्या. शेवटी दीड मोठा चमचा शिंगाड्याचं पीठ गार पाण्यात कालवून घाला, एक उकळी आली की उतरवा. शिंगाड्याचं म्हणते कारण भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतला शिंगाडा आपल्याकडे बाजारात असतो आणि उपासामुळे त्याचं पीठ वाण्याकडे मिळतंच. त्याचा पाक कॉर्नफ्लोअरसारखाच चकचकीत दाटतो. हे पीठ आंबटासोबत फार वेळ उकळू नका, दाटपणा मोडतो. साखरेऐवजी गूळ चालेल, १२० ग्रॅम. रंग काळपट येईल आणि पाक जास्त आटवावा लागेल.

जानेवारीत पेरू स्वस्त असतात, तेही वापरा. पपईच्या निम्मे पेरू घातले तर सुवासाचा प्रश्न मिटतो. जेमतेम पिकलेले, दाबल्यावर किंचित दबणारे घ्या. मधला बियांचा गर काढून बाजूला ठेवा आणि फोडी पपईच्या पाकात शेवटची पाच मिनिटंच शिजवा. बियांचा गर टाकून देऊ नका. तो वाटीभर पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळा. त्या पाण्यात पेक्टिन उतरतं, ते पाकात घातलं की शिंगाड्याचं पीठ निम्मं पुरतं.

मुलाला "यात सफरचंद आहे का" असं विचारल्यावर खरं उत्तर द्यायचं असेल तर एकच सफरचंद आणा. त्याच्या फोडी वर दिसतील अशा लावा, आणि साल व गाभा टाकून न देता पेरूच्या बियांसारखाच उकळून त्याचं पाणी पपईच्या पाकात घाला. सफरचंदाचा वास आणि पेक्टिन यांचा मोठा हिस्सा सालीत आणि गाभ्यात असतो. एका फळात अख्ख्या पाईला वास लागतो.

लिंबू महाग असेल तर संत्र्याचा रस आणि थोडी चिंच मिळून काम होतं. काटोल, वरुड, मोर्शीकडची आंबिया बहाराची संत्री तुमच्या वाढदिवसापर्यंत बाजारात रेंगाळलेली असतात. लहान, डागाळलेली फळं स्वस्तात मिळतात. त्यांची साल बारीक किसणीवर फक्त नारिंगी भागापुरती किसा, पांढऱ्यापर्यंत गेलात तर कडू होईल. लाल अंबाडीच्या पाकळ्या वाळवून ठेवल्या असतील तर मूठभर पाकात उकळा. आंबटपणाही येतो आणि सुंदर लाल रंगही.

आणि कोहळं? कोहळ्याची पाई फार चांगली होते, अमेरिकेत तर नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगला तीच मानाची असते. पण ती सफरचंदाच्या पाईची नक्कल नव्हे, वेगळाच पदार्थ आहे. कोहळं वाफवून, फडक्यात पिळून, गंजात परतून कोरडं करायचं, मग त्यात दूध, साखर, सुंठ, दालचिनी आणि अंडी घालून घट्ट बसवायचं. अंडं चालत नसेल तर दुधात शिंगाड्याचं पीठ शिजवून दाटवायचं. केकला आपण अंड्याऐवजी जवसाची पूड भिजवून घालतो, ती इथे कामाची नाही. ती चिकटवते, पण दुधाच्या सारणाला घट्ट करत नाही. कच्चं कोहळं किसून कधीच भरू नका, ते भाजताना पाणी सोडतच राहतं. तुमची खालची पारी त्यानेच भिजली.

पारी आणि सारण जमलं की भाजणं. ओव्हन नसलेल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: कुकरमध्ये आच खालून येते. ओव्हनमधल्या पाईची नेहमीची तक्रार असते की खालची पारी कच्ची राहिली. कुकरमध्ये खालची पारी सहज खरपूस होते, पण वरची फिकी आणि ओलसर राहते, कारण वर नुसती वाफ फिरते. म्हणून कुकरमध्ये दोन पाऱ्यांची बंद पाई करूच नका. खाली पारी, वर उघडं सारण. वरचे तुकडे वेगळे भाजा. उरलेल्या पिठाचे शंकरपाळ्याएवढे काप किंवा चांदण्या कापून तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी बदामी करा आणि वाढायच्या आधी सारणावर मांडा. ते कुरकुरीत राहतात आणि ताटात ओव्हनच्या पाईपेक्षा कमी दिसत नाहीत.

कुकर जुना घ्या, कारण कोरड्या आचेने तो काळवंडतो. गॅस्केट आणि शिटी दोन्ही काढा. ही सुरक्षिततेची गोष्ट आहे, विसरू नका. तळाला दोन बोटं कोरडी रेती किंवा जाडं मीठ पसरा, त्यावर जाळी, झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. ताटली जर्मनची, कडा असलेली, आणि कुकरच्या भिंतींना न टेकणारी हवी, नाहीतर टेकलेली बाजू करपते. आत पारी बसवा, काट्याने टोचे मारा, वर कागद ठेवून त्यावर मूठ-दोन मूठ कोरडे हरभरे पसरा म्हणजे पारी फुगणार नाही. असं पंधरा मिनिटं भाजा. हरभरे आणि कागद काढून पारी कोरडी दिसेपर्यंत आणखी दहा मिनिटं. मगच सारण भरा, आणि ते पूर्ण गार झालेलं असावं. गरम सारण पातळ असतं, त्याने भाजलेली पारी पुन्हा ओली होते आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात जाते. भरल्यावर मंद-मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. पारीची कड ताटलीपासून सुटली आणि सुरीने उचलून पाहिल्यावर तळ बदामी दिसला की झालं. तुमची वीस मिनिटं एकूणच कमी होती.

गॅस वाचवायचा असेल तर ज्या दिवशी घरी रोडगे-पानगे असतील त्या दिवशी पाई करा. रोडगे काढून झाल्यावर गोवऱ्यांची जी राख उरते ती बराच वेळ धग धरते. जाड गंजात रेती घालून तो त्या धगीत बसवा आणि झाकणावर चार निखारे ठेवा. वरून आच मिळाल्यामुळे इथे वरची पारीही रंगते आणि बंद पाई जमते. आधी छोट्या वाटीत चिमूटभर कणीक आत ठेवून बघा. पाच मिनिटांत बदामी झाली तर आच बरोबर, काळी पडली तर निखारे कमी करा. गावात बेकरी असेल तर तिसरी वाट आहे. दिवाळीला आपण बिस्किटं भाजून आणतो तशीच ताटली घेऊन जा, पाव निघाल्यावर भट्टी उतरतीला असते तेव्हा. ती आच पाईला उत्तम.

तुमच्या वाढदिवसाचं वेळापत्रक असं ठेवा. आदल्या संध्याकाळी सारण शिजवून झाकून ठेवा, रात्रीच्या थंडीत ते गार आणि घट्ट होईल. पहाटे तूप डब्यात घट्ट असताना, घर तापायच्या आत, पारी चोळून गोळा करून ठेवा. दुपारी भाजा. भाजल्यावर दोन तास तरी कापू नका. गरम असताना सारण पातळ असतं, गार होताना बसतं. मुलगा घाई करेल, तेव्हा त्याला तव्यावरचे उरलेले काप साखर भुरभुरून खायला द्या.

उरलेली पपई-पेरूची पाई थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर टिकते. गरम करताना तव्यावर मंद आचेवर ठेवा, झाकण मात्र ठेवू नका. झाकणाखाली वाफ धरते आणि पारी परत मऊ पडते.